गाणं वजा केल्यावर

१

दादाला जाऊन काही महिने झाले, तरी रेकॉर्ड ऐकायची रविवारची बैठक मोडली नाही. वहिनीनेच तसं सांगितलं होतं. "या हो तुम्ही सगळे. ती खोली गप्प असली की मला जास्त ऐकू येते," ती म्हणाली.

खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच. एका भिंतीला दादाचं दुरुस्तीचं टेबल, त्यावर पोटं उघडी टाकून पडलेले लोकांचे अँप्लिफायर. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर, दादाने स्वतः बांधलेले. मधे टर्नटेबल. त्यावर अजून दादाने शेवटची लावलेली रेकॉर्ड होती आणि सुई शेवटच्या रेघेत टेकलेली होती. वहिनी तिला कुणाला हात लावू देत नसे. टर्नटेबलच्या मागे खिडकी. तिचा कट्टा जेमतेम गुडघ्याएवढा. त्या खिडकीतून दादा खाली गेला होता. नंतर बारक्याने तिच्यावर दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. इतक्या रागाने ठोकल्या, की खिळे पलीकडून बाहेर आले.

बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, यावर घरात दोन मतं होती. तो गॅरेजमध्ये टायर बदलायचा आणि गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. दर रविवारी तो दाराशी बसायचा तो एवढ्याचसाठी, की ही माणसं बोलताना मधेच दादाचं नाव घेत.

"बूट बाहेर काढ आधी," वहिनी चहा आणता आणता त्याला म्हणाली. "कुंई कुंई करतात मेले. डोक्यात जातात."

बूट नवे होते. मालकाने गेल्याच महिन्यात गॅरेजमधल्या सगळ्यांना दिले होते. बारक्याच्या उजव्या टाचेत कुठेतरी हवा अडकायची आणि पावलागणिक पायाखाली उंदीर सापडल्यासारखा आवाज यायचा.

आत वाद पेटला होता. विषय तोच, 'लाल कव्हर'. ब्लूज-रॉक वाजवणाऱ्या चौघांची ती जुनी रेकॉर्ड. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण बैठकीत ती कव्हराच्या रंगावरून ओळखली जायची. आता कंपनीने मूळ टेप धुऊन पुसून ती नव्याने बाजारात आणली होती. रीमास्टर.

"धुतली कसली, सोलली म्हणा," ड्रायव्हरकाका म्हणाले. ते शहर बस चालवत. "ती हार्मोनिका घ्या. पूर्वी कशी पलीकडच्या खोलीतून यायची, कुणीतरी रडून तोंड धुऊन आल्यासारखी. आता लेकाचा माझ्या मांडीवर बसून वाजवतोय!"

"काका, तुम्हाला गाण्यापेक्षा खरखर जास्त आवडते," चष्मेवाला म्हणाला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि जगातली प्रत्येक गोष्ट थोडी पुसली की स्वच्छ दिसेल, असं त्याला मनापासून वाटे.

"आवडते तर! सगळा जन्म इंजिनापाशी गेला. घरघर नसली तर मला झोप नाही लागत."

"आणि असली की लागते? हे प्रवाशांना माहीत आहे का?"

वहिनीसुद्धा हसली. बारक्याने पाहिलं, हसताना तिचे डोळे खिडकीकडे होते.

२

चष्मेवाल्याने लॅपटॉप उघडला आणि घसा साफ केला.

"त्या दिवशी दादा आपल्यासाठीच रेकॉर्डिंग करत होता," तो म्हणाला. "जुनी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि रविवारी नव्या रीमास्टरशी ताडून बघायची, असं ठरलं होतं. वहिनींनी मला ते दिलं. मी काय केलं, दादाचं जुनं आणि कंपनीचं नवं एकमेकांवर धाग्याला धागा लावून बसवलं. मग एकातून दुसरं वजा केलं. दोन्हीकडे जे सारखं ते उडालं. उरलं ते फक्त वेगळं. कंपनीने काय काय खरवडून टाकलं, ते आता कळेल."

"गाणं वजा केल्यावर उरणार काय? डोंबल?" काका म्हणाले.

चष्मेवाल्याने बटण दाबलं.

आधी नुसती सुरसुर आली, तव्यावर पाणी शिंपडावं तशी. तिच्यात अधूनमधून गिटारचे डाग उमटत होते, ओल आलेल्या भिंतीवरून जुना रंग दिसावा तसे. तेही विरले. मग आलं ते गाणं नव्हतंच.

ठप. सर्र. ठप. सर्र.

वहिनीच्या हातातली कपबशी खाली टेकली ती आवाज न करता. ते पाऊल कुणाचं, हे या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मोटारसायकलवरून पडल्यापासून दादा डावा पाय टाकायचा आणि उजवा ओढायचा.

"घाबरू नका," चष्मेवाला घाईने म्हणाला. तो स्वतः पांढरा पडला होता. "साधी गोष्ट आहे. सुई फार हळवी असते. जमीन हलली, टेबल हललं, कुणी मोठ्याने बोललं, तरी ते तिला कळतं आणि रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. एरवी गाण्याखाली झाकलं जातं. आपण गाणं काढून घेतलं, म्हणून खोली उरली. त्या दुपारची."

बारक्याला आठवलं. याच कारणावरून दादाने एकदा त्याला धपाटा घातला होता. सुई खाली असताना बारक्याने मजा म्हणून स्पीकर पूर्ण मोठे केले आणि खोलीभर अशी भयंकर किंचाळी उठली, की शेजारी धावत आले. "सुई खाली असताना आवाज वाढवायचा नाही," दादा म्हणाला होता. "खोली स्वतःलाच ऐकायला लागते."

लॅपटॉपमध्ये पाऊल चाललं होतं. खुर्ची सरकली. मग काहीतरी अस्पष्ट पुटपुटणं आलं, भिंतीआडून यावं तसं. आणि अगदी शेवटी ओबडधोबड, लांब, फाटलेला एक आवाज उठला आणि तुटला. त्याच्यामागून काहीतरी बारीक आलं, एखादा शब्द असावा इतपत. मग सुरसुर.

"शेवटचं ते काय होतं?" काकांनी विचारलं.

"स्पीकरची शिट्टी असणार."

"शिट्टी नाही वाटत. मोठ्या गाडीने आयत्या वेळी ब्रेक दाबावा, तसं वाटतं."

वहिनी उठून आत गेली. बराच वेळ नळाचं पाणी नुसतंच वाहत राहिलं.

३

पोलिसांनी 'पाय घसरला असावा' असं म्हटलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तसं म्हटलं नव्हतं. दुकानात वहिनी आली की बोलणं थांबायचं. तिच्या आईने तर तिलाच विचारलं, "तुमच्यात काही झालं होतं का गं?" वहिनी त्या दुपारी कारखान्यात शिवणयंत्रावर होती, बारक्या गॅरेजमध्ये. घरात दादा एकटा. पडला की उडी मारली, हे सांगणारं कुणी नव्हतं. वहिनी तोंडाने काही विचारत नसे. पण बारक्याला वाढताना ती मधेच हात थांबवायची, आणि तिथे तो प्रश्न असायचा.

चष्मेवाल्याकडून बारक्याने ते मोबाइलवर घेतलं. गॅरेजमध्ये टायरांच्या थप्पीमागे बसून तो ऐकायचा. जेवायची सुट्टी त्यातच जायची. डबा तसाच घरी परत जायला लागला.

आणि एका दुपारी त्याला ते ऐकू आलं.

ठप. सर्र. ठप. सर्र. मग, दादाचं पाऊल थांबलेलं असताना, बारीक, ओलसर, आखडलेला आवाज. कुंईक.

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. रबरी तळ. दादा घरात अनवाणी असायचा. थोड्या वेळाने पुन्हा, आणि अगदी शेवटी तर भराभरा, कुणी धावावं तसं. त्यानंतर तो फाटलेला आवाज.

बारक्याला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली, पण होतं ते आनंदाचंच. खोलीत कुणीतरी होतं! बूट घातलेलं कुणीतरी आलं, भांडलं, दादाच्या अंगावर धावून गेलं. म्हणजे दादाने उडी मारली नव्हती. दादा त्यांना टाकून गेला नव्हता.

तो कामावरून तसाच सुटला. हातातला पाना ठेवायचंही त्याला सुचलं नाही. बूट म्हटल्यावर त्याला बस डेपोच आठवला. तिथे ड्रायव्हरकाका तंबाखू मळत उभे होते.

"त्या दुपारी तू आला होतास दादाकडे!" बारक्याने त्यांची गचांडीच धरली.

"अरे, अरे! 'तू' काय? काका मेला का तुझा?"

"खरं सांग! कुणाचे बूट होते ते?"

"कसले बूट? माझे पाय बघ." काकांनी पाय पुढे केला. सुजलेल्या पायात सँडल होती, तीही फितीला सुतळी बांधलेली. "डॉक्टरने बूट बंद केलेत मला, वर्ष होऊन गेलं. आणि त्या दुपारी मी स्टिअरिंगवर होतो. विचार सगळ्या डेपोला." मग त्यांनी बारक्याच्या हातातला पाना हळूच काढून घेतला. त्यांचा आवाज उतरला. "पोरा, जेवलास का तू? बस इथे. ती पावलं मीपण ऐकली रे. ऐकत राहिलं तर त्यातून काहीही ऐकू येईल. मला रिकाम्या बसमधून घंटी ऐकू येते."

"कुणीतरी होतं, काका."

"बरं, होतं. मग दार आतून कुणी लावलं?"

दार आतून लावलेलं होतं. ते फोडणाऱ्यांत बारक्या स्वतः होता. हे तो विसरला नव्हता. फक्त तिकडे बघत नव्हता.

४

"अंगात ताप आहे का तुझ्या?" त्या संध्याकाळी वहिनीने विचारलं. "काकांचा फोन आला होता."

"चहाडखोर आहे म्हातारा."

"काळजी करतात बिचारे." ती घड्या घालत होती. दादाचा एक शर्ट घडी करून झाला, तो तिने पुन्हा उलगडला. "बारक्या, तुला काय वाटतं ते सांगू नकोस मला. वाटणारे खूप आहेत. तुला काही कळलं तर मात्र सांग. वाईट असलं तरी सांग. मी रोज त्याच्याशी भांडते रे मनात. हे भांडण तरी बरोबर आहे का, एवढं मला कळू दे."

"कळेल. मी सांगतो तुला."

"शप्पथ?"

"शप्पथ."

रात्रीच त्याने चष्मेवाल्याला फोन लावला. पुटपुटणं काही केल्या लागत नाही, म्हणाला.

"मोबाइलवर कसं लागेल?" चष्मेवाला म्हणाला. "खालचे आवाज त्यात येतच नाहीत. दादाच्या स्पीकरवर लाव. त्यांच्यावर गाणारा माणूस खोलीत उभा केल्यासारखा ऐकू येतो." मग तो म्हणाला, "मला विचारशील तर नको लावू. मी पुसून टाकलं माझ्याकडचं."

"का?"

"दर वेळी थोडं जास्त साफ ऐकू यायला लागलं होतं. आणि साफ तर मी काही करत नव्हतो."

५

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत बारक्या घरी आला. वहिनी कारखान्यात होती. बाहेर लख्ख ऊन, खिडकीच्या पट्ट्यांमधून त्याच्या दोन फटी जमिनीवर पडलेल्या. बूट काढायचं त्याच्या मनातही आलं नाही. दार लावलं, मोबाइलची वायर अँप्लिफायरला जोडली आणि भिंतीवरचं मोठं बटण दाबलं.

त्या बटणावर सगळंच चालू व्हायचं. टर्नटेबलसुद्धा. लाल कव्हरची रेकॉर्ड इतक्या महिन्यांनी फिरू लागली आणि शेवटच्या रेघेतली सुई हळूहळू डोलू लागली. बारक्याची पाठ होती तिकडे. त्याने आवाज पूर्ण वाढवला.

सुरसुर खोलीत भरली. गाण्याचे डाग आले आणि गेले. मग पाऊल पडलं, आणि ते नुसतं कानात पडलं नाही, तळव्यांना कळलं. ठप. सर्र. टेबलापासून निघून ते त्याच्या दिशेने आलं, अगदी जवळून गेलं. बारक्याने वाट द्यायला म्हणून पाय मागे घेतला.

बूट वाजला. कुंईक.

त्याच क्षणी स्पीकरमध्ये वाजला. कुंईक.

पाऊल थांबलं.

"कोण?" दादा म्हणाला.

इतका स्वच्छ, इतका रोजचा आवाज. हातात सोल्डरची तार असताना मान न वळवता विचारायचा तसा. किती महिने बारक्या या आवाजासाठी भिंतींना कान लावून होता! त्याला विचार करायला सवडच मिळाली नाही. तोंड आपणहून बोललं, "मी. मी आहे, दादा."

स्पीकरमधून पुटपुटणं आलं. डब्यावर झाकण बसावं तसं ते त्याच्या शब्दांवर बसलं.

सुई! त्याने वळून पाहिलं. सुई खाली होती, रेकॉर्ड फिरत होती. खोली स्वतःलाच ऐकत होती, एवढंच. त्याचाच आवाज सुईतून स्पीकरमध्ये जात होता. त्याला हसू फुटलं. केवढं घाबरायचं ते!

मग त्याच्या लक्षात आलं की हे पुटपुटणं त्याने गॅरेजमध्ये ऐकलं होतं. टायरांमागे बसून. रोज.

ठप. सर्र. पाऊल मागे सरकत होतं. रिकाम्या खोलीत कुणीतरी बोललं होतं, आणि दादा त्याच्यापासून मागे मागे जात होता. बारक्याला पुढचं सगळं पाठ होतं. आता कुणी काही बोलायचं नाही. आपण बोललो नाही तर तो फाटलेला आवाज येणारच नाही. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले, दात तळव्यात रुतवले. बटण चार हातांवर होतं. पण बटण बंद केलं तर दादा तिथेच राहील, मागे सरकत, एकटा, आणि पुढचं काही कळणार नाही.

सर्र. सर्र. आता दोन्ही पाय ओढले जात होते. आवाज टर्नटेबलच्या पलीकडे गेला. तिथे तीन पावलांची जागा होती आणि मग कट्टा, गुडघ्याएवढा. बारक्या पट्ट्यांकडे बघत होता. पट्ट्या आजच्या होत्या, त्या दुपारी नव्हत्या.

काहीतरी मऊ, पोटरीसारखं, कट्ट्याच्या दगडाला लागलं.

तो धावला. बूट धावले. कुंईक, कुंईक, कुंईक, पायाखाली आणि स्पीकरमध्ये एकदमच. छातीतून जे निघालं ते त्याला आवरता आलं नाही.

"दादा, मागे खिडकी आहे!"

सुईने ते उचललं, स्पीकरने फेकलं, सुईने पुन्हा उचललं, आणि सगळी खोली एकाच लांब, ओबडधोबड, फाटलेल्या आवाजाने ओरडली. मोठ्या गाडीने आयत्या वेळी ब्रेक दाबावा तशी. मग आवाज तुटला.

त्याच्यामागून ते बारीक आलं. आता त्यात न कळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बारक्या?"

भीती पार गेली होती त्या आवाजातली. आपलंच माणूस आहे हे कळल्यावर सुटावा, तसा सुटलेला आवाज. मग बघायला म्हणून कुणी झटकन वळलं. उजव्या पायावर.

पट्ट्यांच्या फटीतला उजेड क्षणभर गेला आणि परत आला.

सुरसुर.

६

"बारक्या! दार उघड!" वहिनी बाहेरून थापा मारत होती. "कारखान्यात दिवे गेले, लवकर सोडलं. खाली गल्लीपर्यंत ऐकू आलं तुझं ओरडणं. उघड आधी!"

त्याने दार उघडलं. तिने त्याचा चेहरा पाहिला, मग त्याच्या हाताचा तळवा, जिथे दात उमटले होते.

"ऐकलंस तू," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. "शप्पथ घातलीय मी तुला."

बारक्या खाली बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला.

"पाय घसरला, वहिनी. वळताना."

"स्वतःहून नाही?"

"नाही." बंदाची गाठ बसली होती. तो ती दाताने सोडवू लागला. "स्वतःहून नाही गेला."

वहिनीने चौकट धरली. ती रडली ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून रडली, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत. मग पदराने तोंड पुसत तिने विचारलं, "काही बोलला का रे?"

"माझं नाव घेतलं."

"शेवटी?"

"शेवटी."

"बघ," ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. "बघ किती जीव होता त्याचा तुझ्यावर."

नंतर ती टर्नटेबलपाशी गेली. जिला कुणाला हात लावू दिला नव्हता ती सुई तिने दोन बोटांनी उचलली आणि बाजूला ठेवली. खोली गप्प झाली.

बारक्या बूट हातात घेऊन अनवाणी जिना उतरला. प्रत्येक पायरीवर पाऊल टेकवताना तो थांबत होता, वर काही हलतं का, ते ऐकायला.